शंखांतलें एकत्र कुटुंब

घरांत मत्स्यपेटी ठेवण्याची आवड आतां लहान गांवांतहि पसरली आहे. एके काळीं मुंबईस जाऊन आलेला पाहुणा तारापोरवाला मत्स्यालयाचें वर्णन करी आणि घरांतील मुलें तें कान देऊन ऐकत. १९५१ सालीं उघडलेल्या त्या मत्स्यालयानें महाराष्ट्रांतील कित्येकांना कांचेआडचा जिवंत मासा प्रथम दाखविला. आज इस्लामपुरासारख्या तालुक्याच्या गांवींहि डॉक्टरांच्या बैठकींत, दुकानाच्या गल्ल्यामागें, घराच्या दिवाणखान्यांत अशी पेटी दृष्टीस पडते. परंतु या पेट्यांचें पुढें काय होतें हें पाहिलें तर मन खिन्न होतें. मुलाच्या वाढदिवसाला आणलेले सोनमासे दिवाळी पाहत नाहींत. मग दोष कोणी पंपाला देतो, कोणी दुकानदाराला, तर कोणी घराच्या दिशेला. पेटी माळ्यावर जाते आणि मुलांच्या मनांत एवढेंच राहतें कीं, मासे मरतात.

आमच्या मतें दोष बहुधा यांपैकीं कोणाचाच नसतो. तो निवडीचा असतो. शेतकरी आधीं जमीन पाहतो आणि मग बियाणें आणतो. मत्स्यपेटी मांडणारा मात्र आधीं मासा आणतो, आणि त्याला कोणतें पाणी मानवतें हा प्रश्न मासा उलटा तरंगूं लागल्यावर विचारतो. हा क्रम फिरविला पाहिजे, हें सांगण्याकरितां हा लेख आहे. इस्लामपूरच्या पाण्याला साजेसा मासा कोणता याचा शोध घेत गेल्यास आपण आफ्रिकेंतील एका सरोवराच्या तळाशीं जाऊन पोहोंचतों. तेथें जो दीड इंचाचा रहिवासी भेटतो, त्याची घरव्यवस्था पाहून एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना त्यांत कांहीं ओळखीचें दिसेल अशी आमची खात्री आहे.

माशांकडे कौतुकानें पाहणें हा कांहीं केवळ पाश्चात्त्यांकडून आलेला छंद नव्हे. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील राजा सोमेश्वर तिसरा याच्या नांवावर असलेल्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ या ग्रंथांत मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे. तो विनोद गळ टाकून मासे धरण्याचा होता हें खरें. पण त्यासाठीं माशांच्या जाती आणि त्यांना आवडणारें खाद्य यांचा विचार ग्रंथकारानें बारकाईनें केला आहे. मासा धरावयाचा असो वा पाळावयाचा असो, त्याचें राहणें व खाणें आधीं जाणून घ्यावें लागतें.

सिक्लिडांचें कूळ

ज्या माशांविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे त्यांच्या कुळाला सिक्लिड असें नांव आहे. या कुळांत सतराशेंहून अधिक जातींचें शास्त्रीय वर्णन झालें आहे. त्यांतील बहुतेक आफ्रिकेंत आणि दक्षिण व मध्य अमेरिकेंत राहतात. भारताच्या वांट्याला अवघ्या तीन जाती आल्या आहेत. गोमंतकांत व कोंकणांत ज्याला कालुंदर म्हणतात तो मासा त्यांपैकीं एक. केरळांत त्यालाच करिमीन म्हणतात, आणि २०१० सालीं त्या राज्यानें त्यास आपला राज्यमत्स्य ठरविलें. दुसरा कानडा जिल्ह्यांतील नद्यांत आढळणारा त्याचा चुलतभाऊ, आणि तिसरा दक्षिणेच्या किनाऱ्यावरील खाड्यांतून व ओढ्यांतून राहणारा तीन इंचांचा नारिंगी मासा. हा तिसरा खुजा व देखणा असल्यामुळें परदेशांतील मत्स्यपेट्यांत फार दिवसांपासून पाळला जातो. आपल्याकडे मात्र त्याची ओळख थोड्यांनाच आहे.

या कुळाचा मोठा गुण म्हणजे अपत्यसंगोपन. रोहू किंवा कटला पुराच्या पाण्यांत लाखों अंडीं टाकून निघून जातात. त्यांतून जगेल तें जगेल. सिक्लिड थोडीं अंडीं घालतो आणि तीं राखतो. दगडावर किंवा बिळांत घातलेल्या अंड्यांवर आई पंखांनीं वारा घालते, कुजलेलें अंडें वेंचून टाकते, आणि पिलें पोहूं लागलीं कीं त्यांना घेऊन फिरते. पुष्कळ जातींत बापहि या कामांत बरोबरीनें राबतो. आपल्या नारिंगी माशाचीं पिलें तर आईबापांच्या अंगावरील बुळबुळीत स्राव टिपून खातात. दुधावर वाढणाऱ्या प्राण्यांतच असें कांहीं असावें, अशी समजूत असलेल्या माणसाला हें दृश्य विस्मित करतें.

या कुळांतील जे मासे तीन-चार इंचांहून मोठे होत नाहींत त्यांना खुजे सिक्लिड म्हणतात. घरच्या लहान पेटींत संसार थाटण्यास हेच योग्य. त्यांतील चार घराणीं विशेष प्रसिद्ध आहेत.

पहिलें घराणें रामिरेझीचें. व्हेनेझुएला व कोलंबिया या देशांतील ओरिनोको नदीच्या गवताळ मैदानांतून हा मासा येतो. १९४८ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन झालें, आणि ज्यानें तो प्रथम गोळा करून आणला त्या रामिरेझचें नांव त्याला मिळालें. अंगावर निळे ठिपके, डोळ्यावरून काळी रेघ, पोटावर लाली. दुकानांत पाहतांच माणूस भुलावा असें रूप. दुसरें घराणें अॅमेझॉनच्या उपनद्यांतील अपिस्टोग्रामांचें. यांतील एका नराच्या हद्दींत अनेक माद्या आपापलें बीळ धरून राहतात, आणि पिलें सांभाळणारी मादी पिवळीजर्द होऊन अंगावर काळ्या खुणा मिरविते. तिसरें घराणें नायजेरियाच्या दक्षिणेकडील क्रिबेन्सिसचें. त्याच्या मादीचें पोट विणीच्या काळांत पिकल्या करवंदासारखें जांभळट लाल होतें. चौथें घराणें टांगानिका सरोवरांतील शंखवासीयांचें. रूपानें हें चौघांत साधें, पण आमच्या लेखाचा नायक तोच आहे. कां, तें पाण्याची परीक्षा केल्यावर कळेल.

पाण्याची परीक्षा

पाण्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असले कीं साबणाला फेंस येत नाहीं. म्हणून शाळेच्या पुस्तकांत अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात. घरांतील स्त्रियांना हें पुस्तकावांचूनहि ठाऊक असतें. ज्या पाण्यांत तुरीची डाळ लवकर शिजत नाहीं, ज्याचा पांढरा थर पाणी तापविण्याच्या भांड्याला बसतो, तें पाणी जड. कृष्णाकांठच्या आमच्या भागांत खालीं काळा कातळ आणि वर काळी माती. त्यांतून झिरपून आलेलें विहिरीचें व बोअरचें पाणी बहुतेक ठिकाणीं असेंच जड असतें. वाळवें तालुक्यांतील उंसाच्या कांहीं जमिनी अति पाण्यानें खारवट झाल्या आहेत. तेथील विहिरींत तर क्षार आणखीच वाढतात. नदीवरून येणारें नळाचें पाणी त्यामानानें हलकें असतें. म्हणून प्रत्येकानें आपल्या घरच्या पाण्याची परीक्षा स्वतः करावी. क्षार आणि पीएच मोजण्याच्या कागदी पट्ट्या दुकानांत मिळतात. पीएच म्हणजे आम्लतेचें माप. त्यांत ७ हा मध्य, त्याखालीं आम्ल आणि त्यावर अल्क.

आतां वरील चार घराण्यांकडे पाहा. रामिरेझी व बहुतेक अपिस्टोग्रामा ज्या ओढ्यांत जन्मतात तेथें क्षार जवळजवळ नसतात, आणि कुजलेल्या पानांमुळें पाणी किंचित् आम्ल असतें. विहिरीच्या जड पाण्यांत हे मासे कांहीं दिवस जगतील. परंतु त्यांचीं अंडीं नीट फळत नाहींत. क्रिबेन्सिस मध्यम जड पाणी सोसतो. टांगानिका सरोवराची गोष्ट मात्र अगदीं निराळी. तें सुमारें ६७० किलोमीटर लांब व १,४७० मीटर खोल असून त्याचें पाणी क्षारयुक्त आहे, आणि त्याचा पीएच ८.५ ते ९ च्या आसपास असतो. म्हणजे जें पाणी इस्लामपूरच्या गृहिणीला डाळ शिजवितांना नकोसें होतें, तशाच जातीच्या पाण्यांत हा शंखवासी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. विहिरीच्या पाण्याशीं झगडून दक्षिण अमेरिकेचा मासा जगविण्यापेक्षां, त्या पाण्याला मानणारा मासा आणणें शहाणपणाचें नाहीं काय?

पेटीची मांडणी

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटी या माशांच्या एका कुटुंबाला पुरते. ती ऊन न येणाऱ्या आंतल्या खोलींत ठेवावी. जुन्या घरांतील जाड भिंतींचें माजघर उत्तम. तळाशीं बारीक वाळू दोन इंच पसरावी. बांधकामाची वाळू चाळून, पाणी निवळ निघेपर्यंत धुतली तरी चालते. गाळण्यासाठीं हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी बरी, कारण ती लहान पिलांना ओढून घेत नाहीं. वीज गेली असतां उपयोगी पडावा म्हणून बॅटरीवरचा एक लहान पंप जवळ असूं द्यावा.

मुख्य सामान म्हणजे रिकामे शंख. टांगानिकाच्या तळाशीं मेलेल्या गोगलगायींच्या शंखांचे थर पसरलेले असतात. क्षारयुक्त पाण्यांत ते लवकर विरत नाहींत. आपल्याकडे तळ्यांच्या व ओढ्यांच्या कांठीं पाणगोगलगायींचे रिकामे शंख सांपडतात. ते उकळून, आंतील घाण झटकून, स्वच्छ धुवून वापरावे. जिवंत गोगलगाय शंखासाठीं मारूं नये. एका माशामागें निदान तीन शंख टाकावे. या संख्येचें महत्त्व पुढें कळेल.

पेटी भरली कीं लगेच मासे सोडूं नयेत. माशांच्या विष्ठेपासून अमोनिया होतो आणि तो विषारी असतो. गाळणींत वाढणारे सूक्ष्म जंतू त्याचें आधीं नायट्राइटांत व नंतर बऱ्याच निरुपद्रवी अशा नायट्रेटांत रूपांतर करतात. हे जंतू स्थिर होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर चिमूटभर खाद्य टाकून पेटी नुसती चालूं ठेवावी, आणि अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यावरच मासे आणावे. वाढदिवसाला पेटी आणि त्याच दिवशीं मासे, हा प्रकार माशांच्या जिवावर बेततो तो याच कारणानें.

आमच्यासारख्या घरांतून दोन गोष्टींची विशेष काळजी घ्यावी लागते. तांब्याच्या हंड्यांत साठविलेलें पाणी माणसाला चांगलें मानलें जातें. माशांना व गोगलगायींना मात्र तांबें विषासारखें असतें. म्हणून पेटीचें पाणी प्लॅस्टिकच्या बादलींतच साठवावें. दुसरें असें कीं, हवेचा पंप खोलींतील हवा पाण्यांत घालतो. म्हणून पेटीच्या खोलींत डासांचें औषध फवारूं नये. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असेल तर तें एक दिवस उघडें ठेवून वापरावें, किंवा छायाचित्रकार वापरतात त्या हायपोचे कांहीं खडे त्यांत विरघळवावे. दर आठवड्याला पाण्याचा पांचवा हिस्सा बदलला म्हणजे पुरे.

उन्हाळा हीच येथली खरी कसोटी. सरोवराचें पाणी २४ ते २८ अंश सेंटिग्रेड असतें, आणि वैशाखांत आमच्याकडे बाहेरचा पारा चाळिशीला टेकतो. पाणी तापलें कीं त्यांतील प्राणवायूहि कमी होतो. अशा दिवसांत पेटीचें झांकण काढून जाळी घालावी व पाण्यावर पंखा सोडावा. माठांतील पाणी ज्या नियमानें गार होतें त्याच नियमानें पेटी दोन-तीन अंशांनीं उतरते. वाफ होऊन पाणी कमी होतें पण क्षार मागें राहतात. म्हणून ही तूट विहिरीच्या पाण्यानें न भरतां पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यानें भरून काढावी.

शंखवासीयांची घरव्यवस्था

या माशाचें शास्त्रीय नांव निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस. पाळणारे लाडानें त्याला नुसतें मल्टी म्हणतात. १९०६ सालीं त्याचें वर्णन झालें. फिकट अंगावर उभे बारीक पट्टे, निळसर डोळे, आणि नराची लांबी फार तर दीड-दोन इंच. मादी त्याहून लहान. सिक्लिड कुळांतील अत्यंत लहान माशांत त्याची गणना होते. कोल्हापूर, पुणें किंवा मुंबई येथील चांगल्या दुकानदाराला सांगून ठेवल्यास तो मागवून मिळूं शकतो. नर-मादी ओळखणें कठीण असल्यामुळें सहा ते आठ तरुण मासे एकदम आणावे. जोडीदार ते आपले आपण निवडतात.

पेटींत सोडल्यावर त्यांचा पहिला उद्योग बांधकामाचा. प्रत्येक मासा तोंडांत वाळू भरतो, थोडें अंतर जातो आणि थुंकतो. असें दिवसभर करून तो शंखाखालची वाळू काढतो व शंख खालीं उतरवितो. अखेर शंखाचें तोंड तेवढें वर राहतें. कांचेवर कोणी बोट ठेवलें कीं सारे मासे आपापल्या शंखांत अदृश्य होतात, आणि क्षणभरानें एकेक तोंड हळूच बाहेर डोकावतें. लहान मुलांना या खेळाचा कधीं कंटाळा येत नाहीं.

एका नराच्या हद्दींत दोन-तीन माद्या राहतात, आणि प्रत्येकीचे शंख ठरलेले असतात. मादी आपल्या शंखाच्या आंत अंडीं घालते. तीं फार नसतात, दहा-वीसच. सुमारें आठ-दहा दिवसांनीं शंखाच्या तोंडाशीं तांदुळाच्या कणीएवढीं पिलें दिसूं लागतात. इतर पुष्कळ माशांत पिलें मोठीं झालीं कीं आईबाप त्यांना हांकलतात, व पुढची वीण आली कीं आधींच्या पिलांची धडगत नसते. येथें मात्र पहिलीं पिलें तेथेंच राहतात. दुसरी वीण येते, तिसरी येते. मोठीं भावंडें, मधलीं भावंडें व नुकतीं जन्मलेलीं कणीएवढीं बाळें एकाच अंगणांत हिंडतात. वर्षभरांत सहा माशांचें वीस-पंचवीस माणसांचें घर होतें. आमच्या घरांतील वडीलधाऱ्या बाईंनीं हा प्रकार कांहीं दिवस पाहून म्हटलें, “यांच्यांत अजून कोणी वेगळें निघालेलें दिसत नाहीं.”

या घराच्या शांततेचें कारण शोधण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञांनींहि केला आहे. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, बाहेरून नवी मादी आली असतां जुन्या माद्या तिच्यावर धांवून जातात, तेव्हां नर मध्यें पडतो, आणि तो बहुधा हल्ला करणारीलाच आवरतो. त्यामुळें नवी मादी तेथें टिकूं शकते. घरचा कर्ता पुरुष सर्वत्र इतका तत्पर असतो असें नाहीं, हा शेरा आमचा नव्हे; तो आमच्या घरांतील सुनांचा आहे.

याच सरोवरांतील, याच माशाचा एक नातलग याहून अधिक अभ्यासला गेला आहे. त्याच्या कुटुंबांत मोठीं झालेलीं व कधीं कधीं बाहेरून आलेलीं तरुण मंडळी धाकट्या अंड्यांवर वारा घालतात, वाळू उपसतात आणि शत्रूला हांकलतात. मायकेल ताबोर्स्की या संशोधकानें १९८० नंतरच्या दशकांत या मदतनिसांवर प्रयोग सुरू केले. त्यांतून निघालेला विचार असा कीं, हे मदतनीस घरांत राहण्याचें जणूं भाडें कामाच्या रूपानें भरतात. जो काम चुकवितो त्याला घरांत राहणें अवघड होतें. बाहेर शत्रू पुष्कळ आणि मोकळी जागा थोडी, म्हणून घरांतच राहून राबणें त्यांना परवडतें.

हें वाचून माशांत ऋषींचें आचरण पाहण्याचा मोह कोणाला होऊं नये. माशाला नीति नाहीं. त्याला गरज आहे. आम्हीं मुद्दाम सांगितलेली शंखांची संख्या येथें आठवावी. शंख भरपूर असले तर मल्टींचें कुटुंब वाढत जातें आणि कुरबुरी किरकोळ राहतात. शंख कमी पडूं लागले कीं तेच मासे एकमेकांचे पंख कुरतडतात. वयांत आलेले दुबळे नर पाण्याच्या वरच्या कोंपऱ्यांत, हवेच्या नळीमागें, दिवस काढूं लागतात. अशा वेळीं तीन-चार शंख अधिक टाकावे, किंवा कांहीं मासे दुसऱ्या पेटींत हलवावे. प्रत्येकाला मागें सरून बसण्यापुरता आपला असा शंख आणि सर्वांना मिळून एक अंगण, एवढ्यावर हें एकत्र कुटुंब उभें आहे. ज्या घरांतून एकत्र राहणें मोडलें, त्यांतील किती घरें अंगण लहान होतें म्हणून मोडलीं आणि किती प्रत्येकाला शंख नव्हता म्हणून मोडलीं, याचा विचार वाचकांनीं आपापल्या ठिकाणीं करावा.

पिलांच्या खाद्याची चिंता फारशी नसते. जुन्या पुस्तकांतून पिलांना अंड्याचा बलक देण्यास सांगितलेलें असतें. ज्या स्वयंपाकघरांत अंडें येत नाहीं त्या घरानें तेवढ्यासाठीं हा छंद सोडण्याचें कारण नाहीं. आर्टेमिया नांवाच्या खाऱ्या पाण्यांतील सूक्ष्म जीवाचीं सुकीं अंडीं डब्यांत मिळतात. मिठाच्या पाण्यांत हवा सोडली कीं एक-दोन दिवसांत त्यांतून पिलांचें खाद्य तयार होतें. कोरडें खाद्य बोटांत चुरडून पूड केली तरी तीं वाढतात. मोठ्या माशांना पिंपांतील डासांच्या अळ्या फार आवडतात. हे मासे शाकाहारी नव्हेत, हें मात्र घरांतील सर्वांनीं आधींच समजून घ्यावें.

पावसाळ्यांतला पाहुणा

रामिरेझीच्या रूपानें ज्यांचें मन वेधलेंच असेल त्यांनाहि वाट आहे. पण ती पावसाळ्यांतून जाते. पावसाचें पाणी हेंच निसर्गानें फुकट दिलेलें सुफेन पाणी होय. पहिले दोन-तीन पाऊस छप्पर धुण्यास सोडून द्यावे, आणि नंतर कौलांवरचें किंवा स्वच्छ गच्चीवरचें पाणी झांकलेल्या पिंपांत भरावें. नव्या जस्ती पत्र्यावरचें पाणी घेऊं नये. नुसत्या पावसाच्या पाण्याचा पीएच स्थिर राहत नाहीं, म्हणून तीन भाग पाऊस व एक भाग नळाचें पाणी अशा मिश्रणापासून सुरुवात करून मापानें पुढें जावें. रामिरेझीला २७ ते ३० अंशांची ऊब आवडते, ती आमच्याकडे सहज मिळते. जोडी जुळली कीं ती सपाट दगड पुसून स्वच्छ करते व त्यावर अंडीं चिकटविते. तीं दोन-तीन दिवसांत फुटतात आणि आणखी चार-पांच दिवसांनीं पिलें पोहूं लागतात.

अपिस्टोग्रामा वाढविणाऱ्यांनीं एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत ठेवावी. या माशांत पिलाचें लिंग पहिल्या कांहीं आठवड्यांतील पाण्याच्या उष्णतेवरहि अवलंबून असतें. १९९६ सालीं जर्मन संशोधकांनीं या वंशाच्या तीसहून अधिक जाती पाहून दाखविलें कीं, पाणी अधिक ऊन तर नर अधिक. वैशाखांत विणविलेल्या पिलांत मग माद्या शोधाव्या लागतात. श्रावणापासून कार्तिकापर्यंतचे दिवस, जेव्हां पावसाचें पाणी हातीं असतें व पेटी २५-२६ अंशांवर ठेवतां येते, तेच या कामाला योग्य.

दोन्ही बाबतींत एक आग्रह आम्ही धरूं. बाजारासाठीं मासे विणविणारे बहुधा अंडीं आईबापांपासून काढून वेगळ्या भांड्यांत औषधावर फळवितात. त्यानें संख्या वाढते. पण अशा रीतीनें वाढलेल्या रामिरेझींतील पुष्कळ जोड्या पुढें स्वतःचीं अंडीं राखण्याऐवजीं खाऊन टाकतात, हा पाळणाऱ्यांचा नित्याचा अनुभव आहे. घरच्या पेटीला संख्येची घाई नाहीं. पहिल्या एक-दोन विणी आईबापांनीं खाल्ल्या तरी अंडीं त्यांच्याजवळच ठेवावीं. पिलांचा थवा घेऊन फिरणारी जोडी एकदां दिसली कीं त्या वाट पाहण्याचें सार्थक होतें.

वाढलेल्या कुटुंबाचें काय करावें?

वर्ष-दोन वर्षांत प्रत्येक यशस्वी पेटीपुढें हा प्रश्न येतो, आणि कृष्णा जवळ असल्यामुळें उत्तर सोपें वाटतें. जीव नदींत सोडला म्हणजे पुण्य लागलें असेंहि कित्येकांना वाटतें. हें पुण्य नव्हे. याच सिक्लिड कुळांतील मूळचा आफ्रिकेंतील तिलापिया, ज्याला आमच्याकडे चिलापी म्हणतात, १९५२ सालीं भारतांत आणला गेला. अन्न म्हणून त्याचा उपयोग झाला. पण ज्या संगोपनाच्या गुणाचें आम्हीं वर कौतुक केलें त्याच गुणाच्या बळावर, अंडीं तोंडांत राखून, तो ठिकठिकाणच्या नद्यांत व धरणांत पसरला आणि मूळच्या माशांची जागा व्यापून बसला. भीमेवरील उजनी जलाशयांत आज चिलापी मुबलक आहे, आणि कांचा साफ करण्यासाठीं पेट्यांत ठेवला जाणारा दक्षिण अमेरिकेचा सकर मासाहि तेथील कोळ्यांच्या जाळ्यांत सांपडूं लागला आहे. सकर तेथें पोहोंचला तो कोणीतरी आपली पेटी रिकामी केली म्हणून. पेटींत जो गुण, नदींत तोच उपद्रव होतो.

म्हणून वाढलेले मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावे, दुकानदाराला परत करावे, किंवा शाळेला पेटीसकट भेट द्यावे. देतांना आपल्या पाण्याची जात लिहून द्यावी. त्या कागदाचा उपयोग माशांहून कमी नाहीं. कोणालाच देतां येत नसतील तर शंख व मासे यांचें प्रमाण पाहून नर-माद्या वेगळ्या ठेवाव्या. कृष्णेच्या पाण्यांत मात्र यांतील एकहि मासा, एकहि पाणवनस्पति किंवा पेटीचें सांडपाणीहि जाऊं देऊं नये. तें बागेंतल्या झाडांना घालावें, झाडें तें आनंदानें पितात.

ज्या घरांत मुलें आहेत त्या घरीं ही पेटी नुसती शोभा राहत नाहीं. आठवड्याला पाणी मोजून वहींत लिहिणारा मुलगा रसायनशास्त्राचा पहिला धडा शिकतो. शंखाच्या तोंडाशीं पिलूं दिसण्याची आठ-दहा दिवस वाट पाहणारी मुलगी धीर शिकते. आणि आपल्या विहिरीच्या ज्या पाण्याला सगळे नांवें ठेवतात, त्या पाण्यांतहि कोणाचा तरी संसार सुखानें चालूं शकतो, हें घरांतील प्रत्येकाला रोज डोळ्यांसमोर दिसतें. पेटी आणण्यापूर्वीं डाळ शिजण्यास किती वेळ लागतो तें मात्र स्वयंपाकघरांत विचारून यावें.